ओल्या काडतुसांचा न्याय

बार फुसका गेला, आणि कोंडगडचे रणधीरराव महाराज बाभळीवर चढले!

दुसरं करणार काय? समोर रानडुक्कर, हातात बंदूक, आणि बंदूक नुसती 'फुस्स' म्हणाली. डुक्कर कंटाळून निघून गेलं तेव्हा महाराज खाली उतरले. काटे काढायला राजवैद्यांना संध्याकाळ झाली. कुठले काटे आणि कुठून काढले, ते विचारू नये.

काडतुसं भरत होता सटवाजी. कागदाच्या नळीत बंदुकीची दारू मापून घालायची, वर शिशाची गोळी बसवायची, दोऱ्यानं तोंड बांधायचं. सगळं घरच्या ओसरीवर. नळ्या वळायला लेक येसू. दुसऱ्या सकाळीच सटवाजीला दरबारात उभं केलं.

"तपासून देतोस की नाही?" महाराज उभ्यानंच गरजले. बसायची सोय नव्हती.

"देतो सरकार! प्रत्येक खेपेतलं एक उडवून बघतो. शितावरून भाताची परीक्षा!"

"त्या शितापायी माझा जीव जात होता! आता एकूण एक काडतूस उडवून बघायचं, आणि तेच मला भरलेलं आणून द्यायचं. उद्या जेवणवेळेपर्यंत पेटी आली नाही, तर गडावरची कोठडी!"

"उडवलेलं भरलेलं कसं राहील, सरकार?"

"ते तू बघ!"

कारभाऱ्यांनी "वा, काय हुकूम!" म्हणून माना डोलावल्या. त्यांचं काय जात होतं?

घरी येऊन सटवाजीनं डोक्याला हात लावला. बापाला तसं बसलेलं पाहून येसू जवळ येऊन टेकली.

"बाबा, शिकारीची ही पेटी दसऱ्याला वाड्यात नेली होती ना? काल रिकामी परत आली तेव्हा तळाला ओल होती."

"हळू बोल, पोरी! महाराजांनी हट्टानं स्वतःच्या हातानं शस्त्रपूजा केली, तांबेच्या तांबे तीर्थ ओतलं. त्यांचं चुकलं म्हणून कोण सांगणार?"

"मी नाही बाई सांगत," येसू म्हणाली. "त्यांचं तेच सांगतील." आणि पदर खोचून ती थेट वाड्याच्या मुदपाकखान्यात गेली.

तिथं भोजाजी होता. महाराजांचं ताट आधी चाखून बघणं हे त्याचं काम. बिचाऱ्याच्या वाट्याला रोज एकेक घास येई आणि बाकीचं ताट डोळ्यांसमोरून जाई. येसू त्याच्या कानाशी काहीतरी कुजबुजली. भोजाजीचा चेहरा उजळला.

"हुकूमच आहे म्हणतेस? मग मोडून कसं चालेल!"

दुसऱ्या दिवशी महाराज गादीच्या पाटावर जपून टेकले. ताट आलं. मीठ होतं, लिंबू होतं, पापड होता. मधोमध मोकळी चांदी!

"भात कुठाय?"

कोपऱ्यातून भोजाजीचा ढेकर आला. त्याच्या मागून येसू पुढं झाली, मुजरा केला.

"सरकार, तपासल्याबिगर काही द्यायचं नाही, असा हुकूम झाला ना? शीत न् शीत चाखलंय. एकबी कच्चं निघालं नाही!"

"अगं, पण भात कुठाय?"

"चाखला की, सरकार!"

"खुळी का काय तू? एक शीत चाखलं की कळतं! अख्खा भात कुणी चाखतं का?"

"माझे बाबाबी काल दरबारात हेच म्हणत होते, सरकार!"

महाराजांच्या मिशा थरथरल्या, पण हट्ट सुटेना.

"बरं! तुझ्या बापाचं शीत शिजलं होतं, तर माझा बार फुसका का गेला?"

येसूनं पाण्याचा तांब्या उचलून पापडावर धरला. "यावर जरा शिंपडू, सरकार?"

"अगं अगं! सादळेल तो! पापडावर कुणी पाणी..."

महाराज थांबले. त्यांना दसरा आठवला. तांब्या आठवला, तीर्थ आठवलं, आणि शेवटी बाभळ आठवली! मग ते असे खदखदून हसले की राहिलेला काटा टोचला, तरी हसतच राहिले.

"सटवाजीला सोन्याचं कडं द्या! दारूखाना आजपासून या पोरीच्या ताब्यात. दसऱ्याला तलवारीला तीर्थ, काडतुसाला नुसतं फूल!"

येसूनं वाकून मुजरा केला. रिकामी पेटी घेऊन दाराआड उभ्या बापाकडं बघून तिला हसू आवरेना.

"आणि आता," महाराज ताट पुढं सरकवत ओरडले, "मला कुणीतरी भात वाढा रे! भोजाजी, एकच शीत! एकच!"