वाघीच्या मांडीतले सात तुकडे

“सगळे तुकडे बसवायचेच नाहीत, तर मग मी सर्जन कशाला झाले, सर?”

डॉक्टर केतकीचा चिमटा हवेतच थांबला होता, कारण तिचं मनगट तिच्या गुरूंनी, भोईटे सरांनी, धरून ठेवलं होतं.

टेबलावर मायाप्पा मेंढपाळाची कुत्री वाघी भुलीखाली पडली होती. ट्रकनं उडवून तिच्या मांडीच्या हाडाचे सात तुकडे केले होते. हाड जुळलं नाही तर पाय कापावा लागणार होता. बाहेर मायाप्पा दिसेल त्याला एकच सांगत होता, “लांडग्यावर जाती ती. तीन पायांवर कळप कसा राखंल?”

सरांना केतकीनं मुद्दाम बोलावलं होतं. सातही तुकडे कसे चपखल बसतात ते दाखवायला! जिल्ह्यात असा हात दुसऱ्या कुणाचा नाही, हे ती स्वतःच सांगायची. आणि ते खोटंही नव्हतं.

वरचा आणि खालचा मोठा तुकडा सरळ रेषेत आणून तिनं पोलादी पट्टी स्क्रूंनी झकास आवळली होती. राहिले मधले पाच बारीक तुकडे. त्यांना चिकटलेलं मांस सोडवायचं, साकळलेलं रक्त धुऊन काढायचं...

“राहू दे,” सर म्हणाले.

“घाण आहे ती, सर.”

“तुझ्या आधीपासून हाड सांधायच्या कामाला लागलीय ती.”

केतकीचे कान तापले. पण सरांपुढे आणखी वाद घालायची टाप नव्हती. तिनं पाचही तुकडे होते तसेच ठेवले आणि जखम शिवली.

एक्स-रे पाहून तिला रडूच आलं. पट्टीच्या बाजूला नुसता चुरा. पहिल्या वर्षाचा विद्यार्थीसुद्धा याहून बरं काम करेल!

तीन महिन्यांनी वाघी मायाप्पाच्या पुढे धावत, चारही पाय टेकत दवाखान्याच्या पायऱ्या चढली.

“ताई, परवा लांडगा पळवून लावला हिनं!”

केतकीचा ऊर अभिमानानं भरून आला. नवा एक्स-रे घेऊन तिनं थेट सरांचं घर गाठलं.

“बघा सर! हाड एकसंध झालं!”

“छान... यातलं तुझं सगळ्यात चांगलं काम दाखव.”

तिनं ऐटीत स्क्रूंच्या ओळीवर बोट ठेवलं.

सरांनी ते बोट उचललं आणि अलगद बाजूला सरकवलं, जिथे पाच तुकडे नव्या हाडात बुडून गेले होते.

“हे. इथं तू थांबली होतीस.”