बंद दाराबाहेर बसलेला सरपंच

डोंगरांनाही साल आठवणार नाही, इतकी जुनी ही गोष्ट. एका खोऱ्यात एक गाव होतं आणि वारा सुटला की त्या गावातली सगळी दारं आपटायची.

दारांना आतून कडी नव्हती. त्या राज्यात दोन सख्खे भाऊ गादीसाठी लढले होते. गावाची वरची आळी थोरल्याच्या बाजूला गेली, खालची धाकट्याच्या. ज्याचं सैन्य गावात शिरे तो एकच हुकूम काढी : "कुठल्याही घराला आतून कडी नको." लोहारानं कड्या उपटल्या आणि त्यांचे भाले केले. मग तोंडाला फडकं बांधलेला कुणीतरी बोटानं घर दाखवी आणि सैनिक थेट चुलीपर्यंत जात. बोट कुणाचं होतं ते कधीच कळलं नाही. नेलेली माणसं परत आली नाहीत.

लढाई एकदाची संपली. शांततेची दवंडी पिटून झाली. तरी दार आपटलं की जेवणाऱ्याचा घास हातातच राही आणि आया मुलांना कुशीत ओढत.

दोघा भावांनंतर गादीवर आलेल्या नव्या राणीनं निरोप धाडला : "तुमचं गाव तुम्हीच सांभाळा." दोन्ही आळ्यांनी मिळून पंच निवडले. सरपंच झाला वरच्या आळीचा एक तरुण धनगर. त्याच्या भावाला चुलीपुढून ओढून नेलं होतं. लोकांना वाटलं, हा आधी वेस बांधेल. तो म्हणाला, "आधी भाले आणा."

भाले वितळले, घरोघरी पुन्हा कड्या बसल्या. पंचांनी नियम केला : घरच्यानं कडी काढल्याशिवाय कुणी आत जायचं नाही. पंच असला तरी उंबऱ्याबाहेर थांबेल, नाव सांगेल, काम सांगेल. आणि आळ घेणाऱ्यानं उघड्या तोंडानं समोर यायचं.

त्या रात्री गाव झोपलं.

पण पेरणी तोंडावर आली आणि गावच्या कोठारातलं बियाणं नाहीसं झालं. पुन्हा कुजबुज सुरू झाली. खालच्या आळीतल्या म्हाताऱ्या कुंभारणीच्या पायरीवर म्हणे दाणे सांडलेले दिसले. वरची आळी तिच्या दारापुढे गोळा झाली. खालची आळी काठ्या घेऊन समोर उभी राहिली.

सरपंचानं हाक मारली, "मावशी, मी सरपंच. बियाणं शोधायला आलोय."

आतून आवाज आला, "नाव कळलं, काम कळलं. आता माझ्यावर आळ कुणी घेतला, त्याला पुढं आण. तोवर कडी निघायची नाही."

सरपंचानं गर्दीकडे पाहिलं. "कुणी पाहिले दाणे?"

"सगळेच म्हणतात की!"

"सगळे म्हणतात. पाहिले कुणी?"

जो तो शेजाऱ्याकडे बोट करू लागला. मागून एकजण ओरडला, "घाल कुऱ्हाड दारावर! का म्हातारीची परवानगी काढत बसणार? सरपंच आहेस की घरजावई?"

लोक हसले. सरपंचाचे कान लाल झाले. पेरणी चुकली तर अख्खं गाव उपाशी मरणार होतं. त्यानं खांद्यावरची कुऱ्हाड हातात घेतली आणि दोन पावलं पुढे टाकली. तेवढ्यात दाराच्या फटीतून त्याला कडी दिसली. ती थरथरत होती. आतून तिला दोन हात घट्ट धरून होते.

त्यानं कुऱ्हाड खाली ठेवली आणि दाराला पाठ लावून पायरीवर बसला. "आधी या दारापुढे मी आहे," तो गर्दीला म्हणाला. "मग दार."

शिव्या झाल्या. एक दगडही आला. ऊन डोक्यावरून कललं.

"गेलास का रे?" आतून आवाज आला.

"नाही, मावशी."

"आणि मी उघडलंच नाही तर?"

"उद्या येईन. पुन्हा नाव सांगेन."

शेवटी वरच्या आळीचा तेली चाचरत पुढे झाला. "मी पाहिले, मावशी. मी, अमक्या-तमक्यानं नाही. माझ्या डोळ्यांनी पाहिले."

कडी निघाली. दारात कुंभारीण उभी होती, मागे रांजण भरलेले होते. "मीच नेलं," ती म्हणाली. "लढाईत वरच्या आळीनं आमचं बियाणं दळून खाल्लं. आमची पोरं त्या वर्षी उपासानं गेली. यंदाही तसंच होईल, म्हणून मला धीर धरवेना."

खालच्या आळीच्या काठ्या आपोआप खाली आल्या. तेल्यानं मान खाली घातली. तिचं म्हणणं खोटं नव्हतं.

"बघ!" मघाचा माणूस सरपंचाला म्हणाला. "दार मोडलं असतं तर बियाणं सकाळीच मिळालं असतं."

"मिळालं असतं," सरपंच म्हणाला. "आणि संध्याकाळपर्यंत या सगळ्या कड्यांचे पुन्हा भाले झाले असते."

पंचांनी उघड्यावर निवाडा केला. कोठारासाठी नवे रांजण घडवायचे, ही कुंभारणीला शिक्षा. कोठाराच्या दाराला दोन कड्या बसल्या, एक वरच्या आळीनं काढायची, एक खालच्या. पेरणी वेळेवर झाली.

पुढे त्या गावात रीतच पडली. नवा सरपंच निवडला की तो गावातल्या सर्वांत दुबळ्या माणसाच्या दारी जातो, नाव सांगतो आणि पायरीवर बसतो. आतली कडी निघेपर्यंत तो सरपंच नसतो.

बोध : बंद दाराबाहेर ज्याला थांबता येतं, त्याच्याच हाती गाव द्यावं.