एकाच वाटीतला रंग

ऐका हो, लहानांनी ऐका आणि मोठ्यांनीही कान द्या. फार पूर्वी एका राज्यात मोठ्या मनाचा राजा होता. त्याने डोंगरावर तळं बांधलं, काठाला झोपाळे टांगले, पाण्यात नावा सोडल्या आणि दवंडी पिटवली, "कामातून सवड मिळाली की या, खेळा, बागडा. तळं सगळ्यांचं आहे!"

दवंडी लोक विसरतात. म्हणून चितारशाळेला हुकूम झाला, तळ्याची चित्रं रंगवा आणि गावोगावच्या बाजारात टांगा.

आता त्या चितारशाळेची एक रीत होती. नावेत बसणाऱ्या, झोपाळ्यावर झुलणाऱ्या माणसांच्या अंगाचा रंग रोज सकाळी एकाच वाटीत खलायचा. भरपूर सफेदा, किंचित गेरू. सगळे गोरेपान! वल्ही मारणारे आणि छत्री धरणारे तेवढे काळे. राजाने असं सांगितलं नव्हतं आणि कोणाच्या मनात पापही नव्हतं. गुरूने केलं म्हणून चेला करत होता. डोकं चालवतंय कोण?

वर्ष सरलं. तळ्यावर पेठेतली गोरी मंडळी यायची, खालच्या गावांतली काळीसावळी माणसं मात्र फिरकत नव्हती. प्रधान म्हणाला, "महाराज, त्यांना हौसच नाही. दसऱ्यापर्यंत वाट पाहू, नाहीतर अर्ध्या नावा मोडून टाकू." राजाला वाईट वाटलं, पण त्याने होकार दिला.

चितारशाळेत रंग खलायला म्हाळसा नावाची बाई होती. रंगाने काळी, हाताने चपळ. एकदा ती लेकीला म्हणाली, "चल गं, तळ्यावर जाऊ. नावेत बसू."

लेक म्हणाली, "काहीतरीच काय आई! तिथे आपल्यासारखी माणसं वल्ही मारतात, बसत नाहीत. चित्रात आहे ना!"

म्हाळसेने रंगाने माखलेल्या आपल्या बोटांकडे पाहिलं. त्या चित्रांतला रंग तिनेच तर खलला होता.

दुसऱ्या दिवशी तिने गोऱ्या रंगाच्या वाटीशेजारी आणखी एक वाटी भरून ठेवली. गेरू, काजळ आणि चिमूटभर हळद. म्हातारा मुख्य चितारी भडकला, "म्हाळसे, हा मागच्या माणसांचा रंग. पुढे कशाला ठेवलास?"

"मग माझ्या लेकीला नावेत कोणत्या रंगाने बसवाल, ते सांगा."

"तिला बसवायला सांगितलंय कोणी? जास्त बोलायचं असेल तर उद्यापासून येऊ नकोस!"

"नाही येत," म्हणाली, हात पुसले आणि निघाली. शाबास तिची! घरात दुसरं कमावणारं कोणी नव्हतं, तरी बाई डगमगली नाही.

तशीच घरी गेली, लेकीचं बोट धरलं आणि डोंगर चढली. नावाडी स्वतःच काळा, पण तोही चाचरला, "वहिनी, ही नाव बसणाऱ्यांची आहे."

"मग सरका, बसतो!" म्हाळसा म्हणाली, आणि दोघी बसल्यासुद्धा. नावाड्याला हसू आवरेना.

दुपारी मुख्य चितारी दसऱ्याआधीच्या शेवटच्या चित्रासाठी तळ्यावर आला. पाहतो तर नावेत एक काळीभोर पोर दोन्ही हातांनी पाणी उडवत खदखदून हसतेय. वीस वर्षं तो तळी, बागा, सहली रंगवत होता, पण इतकं खरं हसू त्याच्या एकाही चित्रात नव्हतं. म्हातारा ओशाळला. पण माणूस भला हो, चूक दिसल्यावर झाकत बसला नाही. काठाशी येऊन हात जोडून म्हणाला, "म्हाळसाबाई, तुमची दुसरी वाटी लागेल मला."

त्या वाटीने रंगवलेलं चित्र खालच्या गावांच्या बाजारात लागलं. बघता बघता गर्दी जमली. एक म्हातारी ओरडली, "अगं बाई, ही तर आपल्यातली पोर! आणि बसलीय कशी ऐटीत!"

दुसऱ्या दिवसापासून माणसं भाकरीची गाठोडी घेऊन डोंगर चढू लागली. दसऱ्याला नावा मोडणं राहिलं बाजूला, राजाला चाळीस नव्या बांधाव्या लागल्या.

राजाने विचारलं, "इतके दिवस यांना अडवलं होतं तरी कोणी?"

मुख्य चितारी पुढे झाला. "मी, महाराज. हातात काठी नव्हती, कुंचला होता, म्हणून कोणाच्या लक्षात आलं नाही. माझ्याही नाही."

तात्पर्य: ज्याला आनंदाच्या चित्रात जागा मिळत नाही, त्याला दाराशी अडवावं लागत नाही, तो घरातूनच निघत नाही.