काखेतली गाठ

माणसं परगावी पायीच जायची, तेव्हाची ही गोष्ट. एका गावात एक शिंपी राहत होता. त्याचा हात असा सफाईदार, की टाका कापडात कुठे बुडाला आणि कुठे वर आला ते कुणाला सांगता यायचं नाही. दसऱ्यापासून दिवाळीपर्यंत त्याला मान वर करायला फुरसत नसे. पण भाऊबीज आली की तो सुई ठेवून द्यायचा, बायकोला घेऊन नदीपलीकडे धाकट्या बहिणीकडे जायचा आणि आठ दिवस तिथे पाय पसरून राहायचा.

बहिणीचं घर म्हणजे दोन खोल्या आणि एक अंगण. ती भावाला ओवाळायची आणि मगच दिवसाचा पहिला घास खायची. मग आठ दिवस रोज तेल कोमट करून त्याची आखडलेली मान चोळायची. अंगणातल्या बाजेवर झोप, दोन वेळा भरीत-भाकरी, आणि वर्षभराच्या गप्पा. शिंपी परत यायचा तो टवटवीत होऊन.

या शिंप्यांच्या धंद्यात एक जुनी रीत होती. दोऱ्याची गाठ नेहमी कापडाच्या आत लपवायची. पण एखाद्याचं कापड मनाविरुद्ध, फसून किंवा जुलमाने शिवावं लागलं, तर काखेतली शेवटची गाठ बाहेरच्या बाजूला सोडायची. घालणाऱ्याला ती कधी दिसत नाही. दुसऱ्या शिंप्याला मात्र दिसते, आणि तो काय ते समजतो.

शिंप्याच्या समोरच एका कासाराचं दुकान होतं. एका वर्षी कासार दिवाळीला कुठेतरी गेला आणि परत आला तो कमरेला हातभर लांब पितळी किल्ली लटकवून. डोंगरापलीकडे तळं आहे, तळ्याकाठी महाल आहे, त्या महालातले वर्षाचे आठ दिवस आपण कायमचे विकत घेतले, असं त्याने पारावर बसून सगळ्यांना सांगितलं. आठ दिवस महाल आपला. आपल्यामागे मुलांचा, त्यांच्यामागे नातवंडांचा. खिडकी उघडली की खाली कमळंच कमळं.

शिंप्याच्या पोटात दुखायला लागलं. हे दुखणं ओव्याने बरं होणारं नव्हतं. कासार उठला-बसला की किल्ली वाजायची, आणि किल्ली वाजली की शिंप्याच्या बोटात सुई टोचायची. याच्या बापाने कधी महाल पाहिला होता का? आपण याच्यापेक्षा कशात कमी आहोत? दिवसभर त्याच्या डोक्यात दुसरं काही येईना. त्याच सुमारास कासाराने अंगरखा शिवायला टाकला, तर शिंप्याने त्याची डावी बाही बोटभर आखूड शिवली. चुकून नाही, जाणूनबुजून. उभ्या आयुष्यात त्याने असं काम केलं नव्हतं.

पुढच्या वर्षी दिवाळीला बहिणीच्या घरी त्याला काहीच गोड लागेना. बाज आखूड वाटली, दुधाला धुराचा वास आला.

"इथून तळं दिसत नाही," तो म्हणाला.

"दादा, इथून तळं कधीच दिसत नव्हतं," बहीण म्हणाली, आणि त्याच्या मानेला तेल लावत राहिली.

त्याच्या पुढची दिवाळी आली. शिंप्याने बायकोला सांगितलं की यंदा जरा तळ्याकडून वळसा घेऊ. पाडव्याला तिथे मुक्काम करू आणि भाऊबीजेच्या दुपारपर्यंत बहिणीकडे पोचू. बायको काय समजायचं ते समजली. बहिणीला निरोप गेला.

भाऊबीजेच्या सकाळी दोघं धर्मशाळेतून निघाली, तर तळ्याच्या पायऱ्यांवर एका हसऱ्या माणसाने त्यांना अडवलं. महालाबद्दल घटकाभर ऐकून घ्या, काही घेऊ नका, आणि जाताना तांब्याची घागर फुकट घेऊन जा, असं त्याचं म्हणणं. फुकटच्या घागरीपुढे भल्याभल्यांचे पाय थबकतात. शिंप्याला तर घागरही नको होती, त्याला कासाराची खिडकी पाहायची होती.

आत जाताना दारात वहाणा काढून घेतल्या. जाताना मिळतील, काळजी नको. मग खोल्या दाखवल्या, गालिचे दाखवले, खिडकी उघडून कमळं दाखवली. कमळं दाखवायला हसऱ्याने हात वर केला, तेव्हा शिंप्याला त्याच्या अंगरख्याची काख दिसली. गाठ बाहेर होती.

शिंपी चमकला. सरबत घेऊन आलेल्या नोकराकडे त्याने नीट पाहिलं. तो टाका दुसऱ्याच कुणा शिंप्याचा होता, पण गाठ बाहेर. पंखा हलवणाऱ्याच्या काखेतही तेच. शिंप्याचं मन क्षणभर म्हणालं, ऊठ. तेवढ्यात खालच्या वाऱ्याने कमळं डुलली, आणि त्याला कासाराची किल्ली ऐकू आल्यासारखी वाटली. असेल कुणाचं काही भांडण, आपल्याला काय त्याचं, असं म्हणून तो गालिच्यावर आणखी ऐसपैस बसला.

मग भाव निघाला. बायकोच्या हातातल्या दोन सोन्याच्या पाटल्या आत्ता, आणि महालाच्या नोकरांसाठी दर वर्षी दहा अंगरखे. कायमचे. शिंप्यामागे ते त्याच्या मुलाने द्यायचे. पाण्यावर भोक पाडलेली एक वाटी तरंगत ठेवली होती. ही वाटी बुडेपर्यंतच हा भाव, असं सांगितलं गेलं. वाटी बुडाली. मग खास तुमच्यासाठी म्हणून दुसरी ठेवली. ती बुडाली तेव्हा तिसरी, मग चौथी, मग पाचवी. हसरा गेला, त्याच्या जागी गोड बोलणारा आला. गोड बोलणारा दमला, तेव्हा एक पांढऱ्या मिशांचा कारभारी आला. सूर्य डोक्यावरून कलला होता. शिंप्याच्या बायकोने चारदा वहाणा मागितल्या, आणि चारही वेळा तिला लाडू मिळाला.

"अहो," ती शेवटी नवऱ्याला म्हणाली, "ज्या दिवशी माप घेता, त्या दिवशी तुम्ही साधं खादीचं कापड कापत नाही. रात्र मध्ये जाऊ देता. मग हे आजच कशाला? वन्सं उपाशी बसल्या असतील."

शिंपी उठायला लागला. कारभाऱ्याने त्याला अडवलं नाही. उलट उसासा टाकला.

"बरोबर आहे वहिनींचं. प्रत्येकाला झेपतंच असं नाही. तुमच्या गावचे कासार आले होते मागे, त्यांनी पहिली वाटी बुडायच्या आत घेऊन टाकलं. पण ते कासार. तुम्ही राहू द्या."

झालं. सकाळपासून तीन माणसांना आणि पाच वाट्यांना जे जमलं नव्हतं, ते त्या एका वाक्याने केलं. शिंप्याने बायकोकडे न बघता हात पुढे केला, आणि तिने त्याच्याकडे न बघता पाटल्या उतरवल्या. त्याला हातभर लांब किल्ली आणि घागर मिळाली. मग वहाणाही मिळाल्या.

दोघं नदीवर धावतपळत पोचली तेव्हा नाव बांधून नावाडी घरी गेला होता. रात्र वाळूत काढून सकाळी पलीकडे गेली, तर बहिणीच्या अंगणात रांगोळी होती, पाट होता आणि पाटाखालची फुलं सुकली होती. ओवाळणीचं ताट घासून पालथं घातलं होतं. भाऊ आला नाही तर बहिणीने चंद्राला ओवाळावं, अशी रीत आहे. दुजेची कोर ती, दिसते न दिसते तोच मावळते.

"चंद्राला ओवाळलं, दादा," बहीण म्हणाली. "तोही घाईत होता."

 शिंप्याने किल्ली उपरण्याखाली लपवली. घागरीचा तांब्याचा मुलामा तिसऱ्या दिवशी राखेने घासताना निघाला.

दिवाळीचे आठ दिवस म्हणून घेतलेले दिवस प्रत्यक्षात मिळाले आषाढात. दिवाळीचे कधीच भरले होते म्हणे. चिखल तुडवत शिंपी एकटाच गेला. बायको आली नाही. त्याला तबेल्यामागची खोली मिळाली. तिच्या खिडकीसमोर भिंत होती आणि भिंतीवर शेवाळ होतं. तक्रार करायला गेला, तर कारभाऱ्याने शांतपणे सांगितलं की तळ्याकडच्या खोल्या दाखवायच्या असतात, राहायच्या नसतात. आणि हेही सांगितलं, की गावातून आणखी एक गिऱ्हाईक पाठवलंत तर त्या वर्षीचे दहा अंगरखे माफ.

परत येताना त्याला कोठीचं दार उघडं दिसलं. आत अंगरख्यांचे ढीग होते. त्याने एक उचलून काख पाहिली, दुसरा उचलला, तिसरा उचलला. वीस गावच्या वीस शिंप्यांचे हात होते, आणि प्रत्येक गाठ बाहेर होती. ते सगळे त्याला आधीच सांगत होते. त्या दिवशी महालात ती भाषा फक्त त्यालाच येत होती, आणि त्याने वाचून न वाचल्यासारखं केलं होतं. आपल्याच कानाखाली वाजवावी असं त्याला वाटलं.

गावात शिरताना पाराशी हलवाई भेटला. त्याची नजर थेट शिंप्याच्या कमरेच्या किल्लीवर गेली. शिंप्याने ती नजर ओळखली. दोन वर्षं ती त्याच्याच डोळ्यांत होती.

"कसा आहे महाल?" हलवायाने विचारलं. "मलाही घ्यावा म्हणतो. बायकोचा गोफ आहे घरात."

पारावरची माणसं ऐकायला सरसावली. समोरच्या दुकानातून कासारही बघत होता. 'काय सांगू, राजवाडा आहे,' एवढंच म्हणायचं होतं. गावात मान राहिला असता, दहा अंगरखे सुटले असते, आणि हलवायाच्या बायकोचा गळा ओका झाला असता. शिंप्याच्या डोळ्यांसमोर बायकोचे मोकळे हात आले आणि पालथं घातलेलं ताट आलं.

"महाल चांगला आहे," तो म्हणाला, "पण मी तबेल्यामागे राहून आलो. मला फसवलं. आणि मी फसलो कारण मला कासाराचं बघवलं नाही."

पारावर हशा पिकला. शिंप्याने मान खाली घालून सगळं सांगितलं, वाट्यांचं, वहाणांचं, घागरीचं. सांगता सांगता हसणारे गप्प झाले. हलवाई घरी गेला आणि त्याने बायकोचा गोफ पेटीच्या तळाशी ठेवला.

लोक पांगल्यावर कासार शिंप्याच्या दुकानात आला. उंबऱ्याशीच उभा राहिला.

"माझी खोलीसुद्धा तबेल्यामागेच," तो म्हणाला. "दर वर्षी दहा टोपल्या बांगड्या देतो. तू घेतलंस त्या वर्षी माझ्या माफ झाल्या."

 कासाराचा गळा धरावा असं शिंप्याला वाटलं, आणि त्याने तसं सांगितलंही. माहीत असून पारावर बसून कमळं कसली सांगत होतास, असं त्याने विचारलं.

"तू दर दिवाळीला नदीपलीकडे जायचास," कासार म्हणाला. "तेल लावलेली मान घेऊन परत यायचास. मला ना भाऊ ना बहीण. गावभरच्या बायकांना बांगड्या भरतो, पण मला ओवाळणारं कुणी नाही. मलाही दिवाळीला कुठेतरी जायला हवं होतं. तुझं बघवत नव्हतं मला."

शिंप्याला आता उलगडलं. ज्याच्या खिडकीसाठी आपण जळत होतो, तो आपल्या बाजेसाठी जळत होता. राग काही त्या दिवशी गेला नाही, आणि चार दिवस दोघं बोललेही नाहीत. पाचव्या दिवशी शिंप्याने समोर जाऊन कासाराचा आखूड बाहीचा अंगरखा मागून आणला.

दसऱ्याला महालाचा हसरा माणूस अंगरखे आणि बांगड्या न्यायला गावात आला. करार दाखवला, मुलाबाळांची भीती घातली, मग नेहमीप्रमाणे म्हणाला की शेजारच्या गावाने तर निमूट दिले. पण गावात आता सगळ्यांना सगळं ठाऊक होतं आणि कुणाला कुणापासून काही लपवायचं नव्हतं. पाटलाने तो करार चावडीवर सर्वांसमोर मोठ्याने वाचायला लावला. तिसरी ओळ झाली तरी त्यात ना दिवाळी आली ना तळं, आणि लोक हसऱ्याकडे वळून बघायला लागले, तेव्हा तो करार तिथेच टाकून निघून गेला. पाटल्या मात्र आल्या नाहीत. त्या गेल्या त्या गेल्याच.

भाऊबीजेच्या दुपारी बहिणीच्या अंगणात दोन पाट मांडलेले होते. कासार पहिल्यांदाच पाटावर बसला होता आणि आपले हात कुठे ठेवावेत ते त्याला कळत नव्हतं. निघण्याआधी त्याने शिंप्याच्या बायकोच्या मोकळ्या हातांत हिरवा चुडा भरला होता, आणि तसाच एक चुडा ओवाळणीला बरोबर आणला होता. बहिणीने आधी दादाला ओवाळलं, मग त्याला. कुंकू लागलं तेव्हा कासाराने डोळे मिटून घेतले.

त्याच्या अंगावर शिंप्याने त्या आखूडच्या बदली शिवून दिलेला नवा अंगरखा होता. दोन्ही बाह्या सारख्या होत्या, आणि काखेतली गाठ आत होती.

तात्पर्य: शेजाऱ्याचं सुख बघवत नाही म्हणून जो सौदा करतो, त्याच्या वाट्याला शेजाऱ्याचं दुःखच येतं, आणि फसल्यावर लाजेने गप्प बसणारा पुढच्या फसणाऱ्याची वाट मोकळी करून देतो.