टेकडीआडचा बुध

एका टेकडीखालच्या गावात आकाशाचे नकाशे काढणारा एक म्हातारा होता. कोणता ग्रह कुठे आणि केव्हा दिसेल, हे तो कागदावर इतकं नेमकं मांडायचा की लोक डोळे झाकून त्यावर विसंबत. माणूस मोठा हट्टी, आणि कौतुकाचा भुकेला. त्यातही थोरल्या बहिणीने केलेलं कौतुक त्याला सगळ्यात प्यारं. ही बहीण नथी ओवायची. मोहरीएवढे मोती बारीक तारेत ओवायचे म्हणजे डोळे लख्ख हवेत, आणि तिचे होते.

एका वर्षी सूर्यास्तानंतर पश्चिमेला पाच ग्रह गोळा होणार होते. चार अंगणातूनही दिसले असते. बुध मात्र इतका खाली, की टेकडी चढल्याशिवाय त्याचं दर्शन नाही. बहिणीला तर पाचही बघायचे होते, आणि तिचे गुडघे ओसरीची पायरी उतरतानाच कुरकुरत. म्हाताऱ्याचा जीव तुटला. नाही कसं म्हणायचं? त्याने तिच्या नकाशात बुधाला टेकडीच्या चार बोटं वर ठेवून दिलं. एवढ्याशा ठिपक्याने काय बिघडतंय, असं त्याला वाटलं.

त्या संध्याकाळी बहिणीला चार ग्रह दिसले. पाचव्याच्या जागी काहीच नव्हतं. डोळे चोळचोळून ती बघत राहिली.

सकाळी म्हातारा तिच्याकडे गेला, तर ती एका नवरीच्या नथीचे मोती पुडीत बांधत होती. परत पाठवायला.

"तुझा ठिपका कधी चुकत नाही," ती म्हणाली. "म्हणजे माझेच डोळे गेले. कुणाची नथ बिघडवण्यापेक्षा काम सोडलेलं बरं."

तो गप्प बसला असता, तर त्याचं नाव राहिलं असतं. पण ती पुडी त्याला बघवेना.

"अक्का, तुझे डोळे धड आहेत. नकाशा खोटा आहे," तो म्हणाला, आणि त्याने सगळं सांगून टाकलं.

बहिणीने पुडी पुन्हा उघडली. मग म्हणाली, "माझे गुडघे दुखतील म्हणून तू ग्रह वर उचललास. अरे, मलाच उचललं असतंस तर?"

त्याच दिवशी संध्याकाळी म्हातारा बहिणीला पाठुंगळी घेऊन टेकडी चढला. दर दहा पावलांवर थांबत, धापा टाकत, आणि वर तिची बोलणी खात. माथ्यावर दोघं एका दगडाला टेकून बसली. सूर्य बुडाला, तांबडं ओसरलं, आणि अगदी खाली, जिथे असायला हवा तिथेच, बुध दिसला. म्हणजे बहिणीला दिसला. म्हाताऱ्याला तो सापडेना, तेव्हा तिनेच त्याचं बोट धरून त्याला दाखवला.

तात्पर्य: आपल्या माणसासाठी खरं हलवू नये, आपल्या माणसाला खऱ्यापर्यंत न्यावं.