घाटावरचं कासव

"हा फोन नुसता नदीत टाकू, की आधी फोडू? बुवा, तुम्हीच सांगा."

भैरवगीर बुवा मठाच्या घाटावर काडीनं दात कोरत बसले होते. समोर केदार उभा. मोटारसायकल हाणत आलेला, डोळे तांबारलेले, पण तोंडावर असा उजेड, जणू याच्याच घरी दिवाळी.

"काय केलं त्यानं?"

"चुगल्या करतो! मला बायपोलरचा आजार आहे ना, म्हणून डॉक्टरबाईंनी यात अॅप घालून दिलंय. रोज विचारतं. झोप किती, मन कसं, गोळी घेतली का. जरा इकडचं तिकडे झालं की ताईला निरोप. की ती आलीच धावत."

"आणि आज मन कसंय?"

"लख्ख! चार रात्री डोळ्याला डोळा नाही, आणि नकोच आहे झोप. बुवा, मला सगळं कळलंय. गोळ्या बंद, नोकरी बंद. मला भगवी वस्त्रं द्या. आजच."

बुवांनी काडी टाकली.

"मग ताई कशी आली नाही अजून?"

केदार हसला. "मी काय खुळा आहे? अॅपात रोज भरतो... झोप सात तास, मन शांत."

बुवांनी खाली पाण्याकडे पाहिलं.

वरच्या धरणाचं पाणी सोडलं होतं. खालच्या पायरीवर एक दगडी कासव होतं. त्याच्या तोंडाला पाणी लागलं की गुरं सोडायची आणि मठ रिकामा करायचा, ही तिथली जुनी रीत. आज पाणी त्याच्या पायांशी आलं होतं.

"तेवढं कासव उचलून वरच्या पायरीवर ठेव. लोक उगाच घाबरतात."

चोराच्या मनात चांदणं! केदारला वाटलं, म्हातारा आपल्याला खेळवतोय. ताईचा फोन आधीच येऊन गेला असणार. पण अंगात हत्तीचं बळ होतं. त्यानं कासवाला मिठी घातली आणि छातीपर्यंत उचललं.

तिथेच थांबला. खालच्या काठाला मठाची गुरं बांधलेली होती.

"बुवा... पाणी तर वाढतच राहील."

"राहील."

"मग कळणार कसं?"



केदारनं कासव होतं तिथे परत ठेवलं. चार दिवसांत पहिल्यांदा त्याला भीती वाटली.

"तुम्ही ताईला सामील आहात. खरं सांगा."

"आहे."

"मी खरं भरलं, तर ती मला दवाखान्यात घेऊन जाईल."

"जाईल."

केदारनं खिशातून फोन काढला. पाणी आता कासवाच्या तोंडाशी येत चाललं होतं.

बुवा गुडघ्यावर हात टेकून उठले.

"तू भर. तोवर मी गुरं सोडतो."