महानंदाबाईंसाठी सोफा

"लेदरचा घ्यावा का कापडाचा, तेवढं सांगा अप्पा."

मन्मथराव उटग्यांनी प्रश्न टाकला आणि मांडीवरची वही उघडली. मठाचे स्वामी अप्पा ओसरीवर शेंगा फोडत बसले होते. त्यांनी मान वर केली नाही.

"काय घ्यावा?"

"सोफा हो. रिक्लायनर म्हणतात त्याला. मागं रेललं की पाय आपोआप वर येतात."

"बरं..."

मन्मथराव बांधकाम खात्यातून शाखा अभियंता म्हणून निवृत्त झालेले. जन्मभर त्यांनी पूल आणि मोऱ्या मोजल्या, त्यामुळे सोफा म्हणजे त्यांना किरकोळ काम वाटलं होतं. लातुरातली नऊ दुकानं त्यांनी पालथी घातली. कुठल्या सोफ्याला भिंतीपासून किती जागा सोडावी लागते, कुठला बटणावर चालतो, कुठला दांड्यावर, कुठल्याचा स्पंज किती बोटं दबतो, सगळं वहीत आकृतीसकट होतं. सल्ला विचारायला ते आले होते हे खरं. पण अप्पांनी वही बघून तोंडात बोट घालावं, ही हौस त्याहून जास्त होती.

अप्पांनी वहीकडे पाहिलंच नाही.

"एवढी घाई कशाची?"

मन्मथरावांनी दाराकडे पाहिलं. त्यांची बायको महानंदाबाई तिथं भिंतीला टेकून, अंग चोरून बसल्या होत्या. उजव्या घोट्याला पट्टी होती.

"हिच्या पायाची जखम. दोन महिने झाले, भरायलीच नाही. शिरा फुगल्यात. डॉक्टर म्हणले, औषधानं निम्मंच काम होणार. दिवसातून तीनदा अर्धा अर्धा तास पाय वर करून पडायचं. महिन्यात फरक नाही पडला तर ऑपरेशन." त्यांचा आवाज खाली आला. "साखर आहे हिला. मला भ्या वाटायलंय, अप्पा."

एवढं त्यांनी वहीत न बघता सांगितलं.

"घरात पलंग नाही?"

"आहे की. पण दिवसाढवळ्या अंथरुणावर पडणार नाही म्हणते. बाई दिवसा आडवी दिसली की गल्लीतल्या बाया तब्येत विचारायला येतात म्हणे, अन् मग त्यांच्यासाठी चहा ठेवावा लागतो. म्हणून म्हणलं, हॉलमधी सोफा घेऊ. बसल्यासारखंबी होईल अन् पायबी वर राहतील. दोघांचा जोड बघायलोय. हिच्या शेजारी मीबी टेकेन."

विचार चांगला होता, त्यात वाद नाही. बायकोच्या पायासाठी नऊ दुकानं हिंडणारा नवरा उभ्या तालुक्यात मिळाला नसता. आणि ही गोष्ट मन्मथरावांना पक्की ठाऊक होती.

"तिनं बसून बघितलं का?"

"सहा दुकानांत नेलतो." ते जरा थांबले. "पण ती नीट बसतच नाही."

"म्हणजे?"

"आता काय सांगावं! एका दुकानात बसवलं, बटण दाबलं, पाय वर आले. तेवढ्यात मालकानं चहा मागवला. ही खाली उतरली, ट्रे हातात घेतला अन् वाटायली चहा! मालकाला, त्याच्या कामगारांला, मला. दुकान त्याचं, चहा त्याचा..." मन्मथरावांनी कपाळाला हात लावला. "म्हणलं, सोफ्यातच काहीतरी खोट असणार. आरामशीर असता तर उठली कशाला असती? तो यादीतून काढूनच टाकला."

महानंदाबाई पदर तोंडाला लावून हसल्या.

अप्पांच्या हातातली शेंग तशीच राहिली.

"अन् बाकीच्या पाच दुकानांत?"

"कुठं माझा चष्मा पिशवीत राहिला होता, ती आणायला गेली... कुठं मोजपट्टी धरायला दुसरा माणूस पाहिजे होता..." मन्मथराव घाईघाईनं पानं उलटू लागले. "पण ते जाऊ द्या. मापं ऐका."

त्यांनी तीन सोफ्यांची लांबी, रुंदी, उंची वाचून दाखवली. चौथ्याच्या मध्यावर घसा सुकला. वहीतून नजर न काढता ते म्हणाले,

"अगं, पाणी."

महानंदाबाईंनी भिंतीला हात टेकला.

"बस, माय," अप्पा म्हणाले.

त्या घुटमळल्या आणि बसल्या.

अप्पांनी एक हात गुडघ्यावर ठेवला, एक खांबाला लावला. वय ऐंशीच्या पुढं. दोन्ही गुडघे कधीचेच गेलेले. मठातली माणसं त्यांचं ताटसुद्धा जागेवर आणून देत. पहिल्यांदा त्यांना उठता आलं नाही. दुसऱ्यांदा उठले.

पाण्याचा रांजण ओसरीच्या पार त्या टोकाला होता...

"अहो, अप्पा उठलेत!" महानंदाबाई पुन्हा अर्ध्या उठल्या.

"बस म्हणलो ना."

मन्मथरावही उठायला गेले. पण मांडीवर वही होती, वहीत दुकानदारांचे रंगीत कागद होते, कागदांवर कापडाचे नमुने होते. ते सावरेपर्यंत अप्पा भिंत धरून निम्म्या वाटेत पोचले होते. आता धावून जाण्यातही काही अर्थ उरला नव्हता. मन्मथरावांना मनापासून लाज वाटली.

अप्पा परत आले. तांब्यातलं निम्मं पाणी वाटेत सांडलं होतं. उरलेलं त्यांनी मन्मथरावांपुढं धरलं.

"तुम्ही कशाला उठलाव, अप्पा?"

अप्पांनी तांब्या आणखी पुढं केला.

मन्मथरावांनी तांब्या हातात घेतला. पाणी पिववेना. त्यांनी बायकोकडे पाहिलं. ती बसली होती, पण एक हात अजून भिंतीवरच होता. पट्टीच्या वर पोटरी टरटरून सुजली होती. जखम त्यांनी रोज पाहिली होती, औषधाच्या वेळाही त्यांना पाठ होत्या. बाई कशी बसते, हे मात्र बत्तीस वर्षांत ते आज पहिल्यांदाच बघत होते.



मग त्यांनी वही मिटली. आवाजातला अभियंता उतरला होता.

"आता तुम्हीच सांगा, अप्पा. कसला घेऊ?"

अप्पा खांबाला धरून हळूहळू खाली बसले. श्वास जागेवर येऊ दिला.

"ज्यातून तुला पटकन उठता येईल, तो घे."